बाळाच्या गॅस आणि कोलिकवरची होमिओपॅथिक औषधं: सगळी वापरून झाल्यावरचा माझा रिव्ह्यू

कोलिकला होमिओपॅथी द्यावी का आणि दिली तर कुठलं औषध, हे मला ओळखीतल्या बऱ्याच नव्या आया विचारतात, कारण माझ्या लेकीच्या वेळी आम्ही यातलं जवळपास सगळं वापरलंय. सुटी औषधं वापरली, म्हणजे कॅमोमिला, कोलोसिंथिस, मॅग फॉस, लायकोपोडियम. मग तीन-चार औषधं एकत्र करून 'बेबी कोलिक' म्हणून मिळतात त्या जिभेवर विरघळणाऱ्या टॅबलेट, आणि ड्रॉपरने द्यायचे थेंब पण. प्रत्येकीला फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा सविस्तर लिहिते. माझे पाचपैकी दोन स्टार. ज्यांना गुण आलाय असं वाटतं त्यांना दुखवायचं नाहीये, रात्र रात्र बाळाला खांद्यावर घेऊन फिरणं काय असतं ते मला माहितीये, पण दोन महिन्यांच्या जिवाच्या तोंडात आपण काय घालतोय ते नीट बघितलंच पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

आधी कोलिकबद्दल थोडं, कारण ते कळल्याशिवाय औषध चाललं की नाही हे ठरवताच येत नाही. बाळ नीट पितंय, वजन वाढतंय, ताप नाही, तरी संध्याकाळ झाली की तासन्‌तास रडतं, पाय पोटाशी घेतं, मुठी आवळतं, चेहरा लालबुंद होतो आणि काही केल्या शांत होत नाही, हे कोलिक. १९५४ साली वेसल नावाच्या डॉक्टरांनी याला तीनचा नियम लावला होता, दिवसाला ३ तासांपेक्षा जास्त, आठवड्यातून ३ दिवसांपेक्षा जास्त आणि असं ३ आठवड्यांपेक्षा जास्त रडणं. आता डॉक्टर एवढे तास मोजत बसत नाहीत, पण रडण्याचा जो प्रवास आहे तो तोच आहे. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून रडणं वाढत जातं, सहाव्या आठवड्याच्या आसपास सगळ्यात जास्त होतं, मग उतरायला लागतं आणि ३ ते ४ महिन्यांत बहुतेक बाळांचं काहीही न करता थांबतं. आणि गॅसचं म्हणाल तर आपण धरून चालतो की गॅस झालाय म्हणून रडतंय, पण कितीतरी वेळा रडता रडता हवा गिळली जाते आणि त्यामुळे पोट टम्म होऊन गॅस सुटतो. म्हणजे गॅस सुटल्यावर बाळ शांत झालं याचा अर्थ गॅसच कारण होता असं काही नाही.

आता औषधं. होमिओपॅथीत आजारावर औषध नसतं, लक्षणांच्या चित्रावर असतं असं सांगतात. कॅमोमिला कुणाला, तर चिडचिड्या बाळाला, ज्याला सतत कडेवर घेऊन फिरवावं लागतं, खाली ठेवलं की परत सुरू, एक गाल लाल आणि एक फिकट. कोलोसिंथिस, म्हणजे आपलं कडू वृंदावन, जे बाळ पाय पोटाशी घेऊन दुमडतं आणि पोटावर दाब दिला की बरं वाटतं त्याला. मॅग फॉस शेकल्याने आराम पडतो त्याला. लायकोपोडियम पोट गुडगुडतं, गॅस होतो आणि त्रास दुपारी ४ ते रात्री ८ मध्ये वाढतो त्याला. कार्बो व्हेज, म्हणजे लाकडी कोळसा, पोट फुगून ढेकर आल्यावर बरं वाटणाऱ्याला.

वाचताना हे इतकं चपखल वाटतं की अंगावर काटा येतो, अरे हे तर आमच्याच बाळाबद्दल लिहिलंय! मला पण तसंच वाटलं. मग एका संध्याकाळी वही घेऊन बसले आणि लेकीचं रडणं बघत लिहीत गेले तेव्हा लक्षात आलं की एकाच संध्याकाळी ती कॅमोमिला पण होती, कोलोसिंथिस पण आणि लायकोपोडियम तर रोजच. कारण कुठलंही लहान बाळ जोरात रडताना पाय पोटाशी घेतंच, कुठलंही बाळ उचलून चालायला लागलं की थोडं शांत होतंच, ऊब सगळ्यांनाच आवडते, आणि बाळांचं रडणं जगभर संध्याकाळीच वाढतं. ही वर्णनं कोलिकच्या प्रकारांची नाहीतच, रडणाऱ्या बाळाची आहेत. त्यामुळे कुठलंही औषध निवडलं तरी 'बरोबर बसलं' असंच वाटणार, आणि गुण नाही आला तर 'निवड चुकली, दुसरं देऊन बघू' असं म्हणायला जागा कायम शिल्लक राहते. या चक्रात दोन-तीन औषधं बदलेपर्यंत बाळ तीन महिन्यांचं झालेलं असतं.

इथेच मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते येतं. ऑनलाइन या औषधांना भरभरून पाच स्टार आहेत, 'आठवड्याभरात फरक', 'जादू', 'तिसऱ्या बाटलीनंतर रडणं बंद'. मी असे रिव्ह्यू बसून वाचलेत आणि जिथे जिथे आईने बाळाचं वय लिहिलंय तिथे ते वय बघत गेले. औषध कधी आणलं जातं, तर सहन होण्यापलीकडे गेल्यावर, म्हणजे पाच-सहा आठवड्यांच्या आसपास. अगदी त्याच वेळी रडणं शिखरावर असतं आणि तिथून पुढे ते उतरणारच असतं. मग तुम्ही थेंब द्या, टॅबलेट द्या, नाहीतर काहीच देऊ नका, दोन-चार आठवड्यांत फरक दिसणारच. त्या आया खोटं बोलत नाहीयेत, बाळ खरंच शांत झालंय, फक्त श्रेय बाटलीला मिळालंय. म्हणून कुठल्याही कोलिकच्या औषधाचा रिव्ह्यू वाचताना, माझा पण, पहिला प्रश्न हाच विचारा की औषध सुरू केलं तेव्हा बाळ किती आठवड्यांचं होतं. वय लिहिलेलं नसेल तर त्या स्टारवरून काहीच कळत नाही.

मग थेंब दिल्या दिल्या पाच मिनिटांत गप्प होतं त्याचं काय? हे मी पण बघितलंय आणि ते खरं आहे. त्याचं कारण गोडी. त्या पांढऱ्या बारीक गोळ्या साखरेच्या असतात, टॅबलेट बहुतेक लॅक्टोजच्या, आणि पातळ औषधांमध्ये बरेचदा गोड बेस असतो. तान्ह्या बाळाच्या जिभेवर गोड पडलं की ते काही मिनिटं शांत होतं हे डॉक्टरांना चांगलं माहितीये, हॉस्पिटलमध्ये टाचेतून रक्त घेण्याआधी नवजात बाळांना साखरेच्या पाण्याचे थेंब देतात ते याचसाठी. पण तो परिणाम काही मिनिटांचाच असतो, नंतर परत सुरू. आमच्याकडे अगदी असंच व्हायचं आणि मग परत द्यायची वेळ यायची, परत शांत, परत रडणं. रडणाऱ्या बाळाला थांबवून तोंडात काहीतरी गोड ठेवलं, आई पण दोन मिनिटं टेकली, तिचा श्वास जरा खाली आला, याने खोलीतलं वातावरण बदलतंच. त्याला मी कमी लेखत नाही. फक्त त्यासाठी लागणारा भाग साखर आहे, कॅमोमिला नाही.

पोटन्सीबद्दल, म्हणजे औषध किती वेळा पातळ केलंय त्याबद्दल, बहुतेक जण विचारतच नाहीत आणि लेबलवर सगळ्यात महत्त्वाचं तेच असतं. ३० सी म्हणजे एकास शंभर या प्रमाणात पातळ करणं, तेही ३० वेळा, म्हणजे एकावर ६० शून्यं इतक्या भागांत मूळ पदार्थाचा एक भाग. पातळ करत करत १२ सीच्या पुढे गेलं की मूळ पदार्थाचा एक रेणूसुद्धा शिल्लक असण्याची शक्यता जवळपास राहत नाही, अव्होगाड्रो संख्येचं साधं गणित आहे हे, शाळेत केलेलं. म्हणजे ३० सीच्या गोळीत फक्त साखर. ती बाळाला घातक नाही, पण औषध पण नाही. मॅग फॉस ६ एक्स (एकास दहा या प्रमाणात ६ वेळा पातळ केलेलं) जरा वेगळं, त्यात थोडंसं खरं मॅग्नेशियम फॉस्फेट असतं, दहा लाखात एक भाग. शंभर मिलिग्रॅमची टॅबलेट धरली तर त्यात ०.१ मायक्रोग्रॅम. आणि आईच्या दुधात लिटरला साधारण ३० मिलिग्रॅम मॅग्नेशियम असतं, हिशोब करून बघा, दुधाच्या एका थेंबात त्या टॅबलेटपेक्षा कितीतरी पट जास्त मॅग्नेशियम आहे. ते बाळ दिवसभर पितंच आहे. हे गणित केलं त्या दिवशी आमच्या घरातली मॅग फॉसची बाटली मी कपाटात मागे टाकली.

एक गोष्ट मात्र औषधाच्या बाजूने सांगते कारण चुकीची भीती पण नको. बरेच जण म्हणतात टॅबलेटमध्ये लॅक्टोज आहे, त्याने गॅस वाढेल. तेवढ्याने नाही वाढत. आईच्या १०० मिली दुधात साधारण ७ ग्रॅम लॅक्टोज असतं, त्यापुढे टॅबलेटमधलं काहीच नाही. गॅलॅक्टोसेमिया नावाचा दुर्मिळ आजार असलेल्या बाळांना मात्र अजिबात चालत नाही, आणि त्या बाळांना डॉक्टरांनी सांगितलेलं असतंच.

खरी काळजी आहे ती खालच्या पोटन्सीची, म्हणजे ३ एक्स वगैरे. तिथे मूळ पदार्थ हजारात एक भाग असतो, म्हणजे मोजण्याइतका असतो, आणि होमिओपॅथीत कुचला (नक्स व्होमिका, ज्यात स्ट्रिक्निन असतं) आणि बेलाडोना यांच्यासारखे मुळात विषारी पदार्थ पण वापरतात. अमेरिकेत दात येताना द्यायच्या होमिओपॅथिक टॅबलेटचं हेच झालं, २०१० मध्ये तिथल्या औषध नियंत्रण संस्थेने, म्हणजे एफडीएने, बेलाडोनाचं प्रमाण गोळीगणिक कमीजास्त आहे म्हणून इशारा दिला, तेव्हा त्या बाजारातून परत घेतल्या गेल्या, मग २०१६ मध्ये परत इशारा आला आणि २०१७ च्या जानेवारीत एफडीएने जाहीर केलं की तपासणीत काही टॅबलेटमध्ये बेलाडोना लेबलवर लिहिलंय त्यापेक्षा खूपच जास्त सापडलं. ती औषधं दातांची होती, कोलिकची नव्हती, पण ग्राहक तोच, तान्हं बाळ. 'नॅचरल आहे, साइड इफेक्ट नाहीत' हे वाक्य मला त्यानंतर ऐकवत नाही. ३० सी असेल तर साइड इफेक्ट नसतात कारण आत काही नसतं, आणि ३ एक्स असेल तर आत काय आणि किती आहे यावर सगळं अवलंबून असतं. आणि पातळ डायल्युशन बरेचदा अल्कोहोलमध्ये केलेली असतात, लहान बाळाला थेट ते थेंब देऊ नयेत, हे दुकानात कुणी सांगेलच असं नाही. गोळ्या पण सुक्या तोंडात टाकायच्या नाहीत, घशात अडकू शकतात.

अभ्यासाचं म्हणाल तर ऑस्ट्रेलियाच्या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेने (एनएचएमआरसी) २०१५ मध्ये १७६ अभ्यास आणि ६१ आजार तपासून सांगितलं की होमिओपॅथी परिणामकारक आहे असं खात्रीने म्हणता येईल असा एकही आजार सापडला नाही. मला माझ्या अनुभवावरून वेगळं काही सांगता आलं असतं तर मी सांगितलं असतं.

आता ते दोन स्टार कशाचे. ते आमच्या होमिओपॅथिक डॉक्टरबाईंचे आहेत, औषधाचे नाहीत. त्यांनी घाई न करता सगळं ऐकून घेतलं, बाळ किती वेळा पितं, कसं झोपतं, शी कशी होते, तुम्ही स्वतः किती झोपता. आधी वजन करून बघितलं आणि वाढीचा तक्ता तपासला. मला कितीतरी दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी विचारलं होतं की तू कशी आहेस. कोलिकच्या काळात आईला हे हवं असतं आणि बाळाच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गर्दीत ते मिळत नाही, म्हणून लोक होमिओपॅथीकडे जातात, यात मला काही वावगं दिसत नाही. पण सगळेच असे नसतात. 'औषध दिल्यावर त्रास वाढला म्हणजे औषध लागू पडतंय', हे जे अ‍ॅग्रॅव्हेशनचं सांगतात ते तान्ह्या बाळाच्या बाबतीत मला फार धोक्याचं वाटतं. वाढलेलं रडणं हे दुसऱ्याच कशाचं तरी लक्षण असू शकतं आणि लहान बाळात काही तासांचा उशीर पण महागात पडतो.

म्हणून हे नीट वाचा. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ डिग्री सेल्सियस किंवा जास्त ताप, हिरवी उलटी, पिचकारीसारखी जोरात होणारी उलटी, शी मध्ये रक्त, टाळू वर आलेली, पिणं सोडलंय, वजन वाढत नाहीये, मलूल पडलंय, रडण्याचा आवाजच वेगळा येतोय, जांघेत गाठ दिसतेय, यातलं एक जरी असलं तर ते कोलिक समजून घरी कुठलेच थेंब देत बसू नका, लगेच डॉक्टर. अचानक सुरू झालेलं आणि न थांबणारं रडणं असेल तर बाळाचे सगळे कपडे काढून हातापायाची बोटं बघा, कधी कधी एखादा केस बोटाला गुंडाळून घट्ट बसलेला असतो आणि कुणाच्या लक्षात येत नाही.

मग द्यायचं काय? इतर औषधांची पण अवस्था फार चांगली नाहीये हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. सिमेथिकोन थेंब सगळीकडे लिहून देतात, ते पोटातले बुडबुडे एकत्र करतात, अंगात शोषले जात नाहीत त्यामुळे तसे सुरक्षित, पण अभ्यासात प्लासिबो, म्हणजे औषध नसलेले नुसते दिखाऊ थेंब, दिलेली बाळं पण तितकीच शांत झाली. डायसायक्लोमिन असलेलं पोटदुखीचं औषध सहा महिन्यांच्या आत अजिबात नाही, श्वासाचा त्रास आणि झटके येऊ शकतात, मोठ्या भावंडाची बाटली घरात पडलेली असते त्यातून देऊ नका. त्यातल्या त्यात पुरावा आहे तो एका प्रोबायोटिकचा, म्हणजे पोटाला उपयोगी जिवाणूचा, लॅक्टोबॅसिलस रॉयटेरी डीएसएम १७९३८, आणि तो पण अंगावर पिणाऱ्या बाळांपुरता. २०१८ मध्ये वेगवेगळ्या अभ्यासांचा डेटा एकत्र करून बघितला तेव्हा अशा बाळांचं रडणं कमी झालेलं दिसलं, वरच्या दुधावरच्या बाळांबाबत तेवढं ठामपणे सांगता आलं नाही. डॉक्टरांना विचारून मगच.

बाकी आम्हाला जे उपयोगी पडलं ते बाटलीत मिळत नाही. लॅच, म्हणजे बाळ पिताना स्तन तोंडात कसा धरतं ते, नीट करून घेतला, पिताना चटचट आवाज येत असेल तर हवा आत जातेय असं समजा. पाजल्यावर उभं धरून ढेकर काढायची, मध्येच पण एकदा. पोटावर आडवं करून हातावर घेऊन फिरायचं, अंधार आणि एकसुरी आवाज, पंख्याचा पण चालतो. आणि सगळ्यात मोठं म्हणजे दोघांनी पाळ्या लावून घेणं. अगदी सहन होईना झालं, डोकं फिरायला लागलं, तर बाळाला सुरक्षित जागी उताणं झोपवून, दार लोटून पाच-दहा मिनिटं बाहेर जा, याने बाळाला काही होत नाही. चिडून बाळाला गदागदा हलवलं तर मात्र मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो, आणि अशा घटना याच न थांबणाऱ्या रडण्याच्या दिवसांत होतात. हे घरात बाळाला सांभाळणाऱ्या प्रत्येकाला स्पष्ट शब्दांत सांगून ठेवा, लाजू नका.

एवढं सगळं वाचूनही कुणी घेणारच असेल, घरातल्या मोठ्यांचा आग्रह असतो, समजू शकते, तर बाळाच्या डॉक्टरांना आधी सांगा, ३० सी किंवा वरचीच पोटन्सी घ्या, अनेक औषधांचं मिश्रण टाळा, अल्कोहोल बेस आहे का विचारा, पाण्याऐवजी चमचाभर आईच्या दुधात विरघळवून द्या, आणि आधीपासून चालू असलेलं कुठलंही औषध त्यासाठी बंद करू नका. ज्या बाटलीवर घटक आणि पोटन्सी दोन्ही स्पष्ट छापलेलं नसेल ती तिथेच दुकानात परत ठेवा.